गुरुवारचा सहायक

कॉलेजच्या जिन्याच्या वळणावर त्या मुलीनं कमरेत वाकून नमस्कार केला, आणि थाक इंजेनं मान बोटभर खाली घेतली. झालं ते एवढंच. पुढचे सात आठवडे जे काही घडलं ते त्या बोटभर मानेमुळं घडलं, आणि त्यात मानेचा तसा काही दोष नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सहा वर्षं काढली, म्हणजे रोजचे पाच-सहा तास लिफ्टच्या उभ्या पोकळीच्या तळाशी उभं राहून वर बघण्यात काढले, की मान याहून खाली जात नाही. डॉक्टरनं दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं आणि गळ्याला पट्टा. पण त्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार. बरोबरीचा माणूस आपल्याइतकाच वाकतो, धाकटा आपल्याहून जास्त वाकतो, आणि बोटभर मान हलवून जो पुढं जातो तो या इमारतीत एक तर प्राध्यापक असतो, नाहीतर प्राध्यापकांचा सहायक, हे तिला घरून शिकवून पाठवलेलं. प्राध्यापक असायला इंजेचा कोट फारच साधा होता. तेव्हा सहायक.

मार्चचा पहिला आठवडा, तिकडं कॉलेजचं वर्ष तेव्हा सुरू होतं. बुसानच्या त्या डोंगरउतारावरच्या कॉलेजात समुद्राकडून येणारा वारा जिन्यातून शिट्टी घालत वर चढायचा, आणि त्याच्याबरोबर नव्या पोरांचे घोळके. इंजे एकोणतिसाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायला आला होता. दहा वर्षांपूर्वी तो याच वर्गात, याच विषयाला नापास झाला होता, अर्थशास्त्राची मूलतत्त्वं. त्या वेळी तो फार हुशार होता, म्हणजे तास बुडवून दिवसभर गेमच्या दुकानात बसायचं आणि परीक्षेला जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करून जायचं, एवढी हुशारी त्याच्याकडं होती. प्रश्न नवे निघाले. कॉलेजची पहिली ताकीद आली, मग दुसरी, मग सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीचं बोलावणं आलं. सैन्यात दोन वर्षं कुणी तरी सांगेल तसं उठायचं, बसायचं, त्यात त्याला बरं वाटलं होतं. तिथून सुटल्यावर एका नातेवाइकानं दोन वर्षांसाठी म्हणून लिफ्टच्या कंपनीत चिकटवलं आणि दोन वर्षांची सहा कधी झाली ते कळलं नाही. आता ऑफिसातल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं होतं, ‘‘तिसरी ताकीद आली की नाव कमी होतं. परत घेत नाहीत. या सत्रात हा विषय सुटला तर राहाल. नाही सुटला तर,’’ आणि तिथं त्यांनी हाताची घडी घातली. बाई मायाळू होत्या. वाक्य पुरं केलं नाही.

वर्गात दीडशे खुर्च्या होत्या आणि इंजे दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, तिच्या पलीकडचीही. प्राध्यापक नोह यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की श्रेणी एकमेकांशी तुलना करून मिळेल. वरची श्रेणी शंभरात तिसांनाच, पेपर कितीही चांगले गेले तरी एकतीस नाहीत. आणि तळाच्या दहांना नापास, पेपर कितीही चांगले गेले तरी नऊ नाहीत. म्हणजे शेजाऱ्याला समजलं तर ते आपलं नुकसान. सर हे सांगताना हसले नाहीत, त्यामुळं तो विनोद नव्हता. एकशेवीस पोरांनी एकमेकांकडं ओझरतं बघून घेतलं. इंजेकडं कुणी बघितलं नाही. सहा वर्षं तो अपार्टमेंटच्या पोकळ्यांमधून असाच न दिसता काम करत आला होता. बंद दारांपलीकडून माणसांचे आवाज यायचे, चौथ्या मजल्यावर कुणी तरी मुलाला टोपी घालायला सांगतंय, नवव्यावर एक बाई फोनवर बहिणीशी भांडतेय, अकराव्यावर दोघं लिफ्ट बंद म्हणून कंपनीला शिव्या देतायत, म्हणजे त्यालाच. तो अंधारात तारेला ग्रीस लावत ऐकायचा. तेवीस मजल्यांचं आयुष्य त्याला तोंडपाठ होतं आणि त्यातल्या एकालाही त्याचा चेहरा माहीत नव्हता. दिवसातून चार शब्द बोलायचे ते साहेबाशी, वॉकीटॉकीवर, आणि त्यातले दोन ‘हो’ असायचे.

त्यामुळं दुसऱ्या तासानंतर ती मुलगी वही छातीशी धरून समोर येऊन उभी राहिली तेव्हा आधी त्याला वाटलं, आपण वाटेत उभे आहोत. तो बाजूला झाला. तीही बाजूला झाली.

‘‘सर, एक विचारू का? मी दान्बी. तुम्ही घाईत असाल तर राहू दे.’’

इंजे घाईत नव्हता. इंजे गेल्या दहा वर्षांत घाईत नव्हता.

‘‘ते संधीच्या किमतीचं मला कळलंच नाही. मी इथं तासाला बसले तर माझं काय गेलं? तासाचे पैसे तर बाबांनी आधीच भरलेत.’’

तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘मी सर नाही, मी तुझ्याच वर्गातला, तुझ्याहून मागच्या बाकावरचा,’ एवढं एक वाक्य. ते त्याच्या जिभेवर येऊन बसलंही. पण त्याच्या मागं दुसरं एक वाक्य उभं होतं आणि ते धक्का देऊन पुढं आलं. ‘‘या तासाऐवजी तू काय केलं असतंस?’’ त्यानं विचारलं.

‘‘झोपले असते.’’

‘‘मग ती झोप गेली. तेवढीच किंमत. बाबांचे पैसे तू आलीस काय, न आलीस काय, गेलेलेच. ते मोजायचे नाहीत.’’

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. आपण बोललेलं कुणी लिहून घेताना इंजेनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ‘झोप’ असं तिनं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग तिनं विचारलं की सर गुरुवारी चार वाजता कुठं भेटाल, माझ्या दोघा मित्रांनाही काही कळत नाहीये, आणि त्यानं आपण होऊन ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्याचं नाव सांगितलं, जिथं बोलायला परवानगी आहे. खोटं असं तो काहीच बोलला नाही. बसमध्ये बसल्यावर त्यानं हे स्वतःला तीनदा समजावलं. बस उतार उतरत होती. संधीची किंमत, तो मनाशी म्हणाला. खरं सांगितलं असतं तर काय गेलं असतं? गुरुवार गेला असता.

गुरुवारी तिघं आले. दान्बी, तिच्याबरोबर ग्योंगमो नावाचा लांब मानेचा, सतत काही तरी चघळणारा पोरगा, आणि उन्सोल, जी बोलत नसे पण इतरांच्या आधी मान हलवी. तिघांनी यंत्रातून दुधाची कॉफी आणून आधी त्याच्यापुढं ठेवली, दोन हातांनी, आणि तो उचलेपर्यंत आपली उचलली नाही. त्या कागदी कपाचं कोमट वजन त्याला संध्याकाळपर्यंत तळव्यात जाणवत राहिलं.

‘‘सर, हा म्हणतो मागणी म्हणजे हाव,’’ दान्बी म्हणाली.

‘‘मी तसं म्हटलं नाही,’’ ग्योंगमो म्हणाला. ‘‘मी म्हटलं, हाव अधिक पाकीट.’’

‘‘बरोबर आहे,’’ इंजे म्हणाला.

‘‘बघ. ऐक आता सरांचं.’’

‘‘सर, तुम्ही याला बरोबर म्हणू नका, आठवडाभर कुणाला स्वस्थ बसू देणार नाही हा.’’

त्यांना शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला यायला हवं. दहा वर्षांपूर्वी ही गोष्ट कुणी इंजेला सांगितली नव्हती. आता तो सकाळी सहाला उठून भाड्याच्या खोलीत, जिथं पाय लांब केले की दाराला लागत, प्रकरण मोठ्यानं वाचायचा आणि भिंतीला समजावून सांगायचा. भिंतीला जिथं समजत नसे तिथं त्यालाही समजलेलं नसायचं, मग परत पहिल्यापासून. दान्बी इथं काय विचारेल? ग्योंगमो काय खुसपट काढेल? उन्सोल कुठं मान हलवायची थांबेल? पुस्तकातली रुक्ष वाक्यं त्या तीन चेहऱ्यांकडं बघून बोलू लागली. समतोल त्यानं लिफ्टवरून समजावला. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला एक वजन लटकत असतं, निम्म्या माणसांनी भरलेल्या लिफ्टइतकं. दोन्ही सारखी झाली की मोटर जवळजवळ स्वस्थ बसते; मागणी आणि पुरवठा तसे सारखे होतात, तो भाव. ग्योंगमो चघळायचा थांबला. ‘‘सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?’’ ‘‘नाही कुठल्या पुस्तकात,’’ इंजे म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ‘‘तुम्हाला एवढं लिफ्टचं कसं माहीत?’’ दान्बीनं विचारलं. ‘‘सहायकांना सगळं माहीत असावं लागतं गं,’’ ग्योंगमोनं परस्पर उत्तर देऊन टाकलं. इंजेनं कॉफीचा घोट घेतला. कप मघाशीच रिकामा झाला होता.

रविवारी आईचा फोन यायचा, मिर्यांगहून. ‘‘जेवलास का?’’ जेवलो. ‘‘काय जेवलास?’’ सूप आणि भात. ‘‘वर्गातली पोरं बोलतात का तुझ्याशी?’’ बोलतात, दर गुरुवारी. ‘‘गुरुवारीच का?’’ ‘‘चिडवत नाहीत ना, म्हातारा म्हणून?’’ नाही, तो म्हणाला, मान देतात. आई ‘हं’ म्हणाली, आणि त्या ‘हं’मध्ये त्याला ऐकू आलं की ती सुखावली आहे आणि तिचा विश्वास बसलेला नाही. ‘‘पास हो म्हणजे झालं,’’ ती म्हणाली. ‘‘या खेपेला पास हो. मानाचं नंतर बघू.’’

डोंगरावर चेरी फुलली. त्या गावात चेरी फुलते तेव्हाच सत्राची मधली परीक्षा असते, त्यामुळं फुलांकडं कुणी धड बघत नाही. पाकळ्या बसथांब्यावर, प्रश्नसंचांवर, कॉफीत पडत होत्या. एरवी सगळ्यांना पडणारी चिंता इंजेला दुहेरी पडली होती. परीक्षेला बसलो नाही तर नाव जाणार. परीक्षेला बसलो तर हॉलमध्ये, हातात पेन घेऊन, त्या तिघांच्या मागं बसावं लागणार. खरा सहायक अस्तित्वात होता हे त्याला ठाऊक होतं. कुक नावाच्या एक बाई होत्या, त्या वर्गात कधी येत नसत, मुलांच्या ईमेलला एका ओळीत उत्तर देत. परीक्षेचे कागद वाटायला त्या येणारच. परीक्षेआधीच्या शेवटच्या गुरुवारी सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण त्या दिवशी उन्सोलनं, जी बोलत नसे तिनं, त्याच्यासाठी घरून तिळाच्या तेलाचा वास येणारा गिंबापचा डबा आणला. ‘‘आईनं केलाय,’’ ती म्हणाली. ‘‘सरांना दे म्हणाली.’’ भाताच्या त्या गुंडाळ्या कुणाच्या आईनं कुणाच्या सरांसाठी केल्या होत्या. इंजेनं सगळ्या खाल्ल्या, त्यांच्यासमोर, एकेक करून, आणि मग पुरवठा घटला की काय होतं ते समजावलं. पीक बुडालं, माल कमी आला, भाव चढला. भाव चढला म्हणून लोक कमी घेणार. म्हणजे, तो म्हणाला, मागणीची अख्खी रेघही डावीकडं सरकणार. त्यानं ती सरकवून दाखवली. तिघांनी आपापल्या वहीत सरकवली. तीळ दातात अडकला होता आणि जीभ सारखी तिथं जात होती, मन तिथं जात होतं, आणि हात रेघ ओढत होता.

परीक्षेला तो पंधरा मिनिटं आधी जाऊन शेवटच्या रांगेत खांबाच्या आडोशाला बसला. तिघं पुढं, तिसऱ्या रांगेत, हात चोळत. दान्बीनं एकदा मागं वळून बघितलं. तो दिसला. इंजेनं पेन मांडीखाली सरकवलं. तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं हसू आलं. सर मागं बसून लक्ष ठेवतायत, असंच तिला वाटलं असणार. तिनं बसल्या बसल्याच वाकून नमस्कार केला. कुक बाई, उंच, सर्दी झालेल्या, रांगेरांगेतून कागद ठेवत आल्या आणि इंजेच्या बाकावरही त्याच्याकडं न बघता एक ठेवून गेल्या.

पहिले तीन प्रश्न त्यानं भिंतीला समजावल्यासारखे लिहिले. चौथा, सगळ्यात जास्त गुणांचा, असा होता: पावसानं डोंगराळ भागातली कोबी बुडाली, कोबीच्या बाजारात काय होईल ते आकृतीसह लिहा. त्यानं दोन रेघा काढल्या. पुरवठ्याची डावीकडं सरकवली. भाव चढला. मग मागणीच्या रेघेवर पेन टेकवलं, सरकवण्यासाठी, आणि हात थांबला. भाव चढला म्हणून लोक वर गेले, कमी घेऊ लागले; पण गेले कशावरून? त्याच रेघेवरून. बिंदू वर चढला, चौथ्या मजल्यावरून नवव्यावर. लिफ्ट हलली, पोकळी कशाला हलेल? सहा वर्षं तो त्या काळोखात उभा राहिला होता, तारा बदलल्या होत्या, चाकं बदलली होती, तेवीस मजल्यांचे आवाज ऐकले होते, आणि एवढ्या काळात बिल्डिंग एकदाही जागची हलली नव्हती. मागच्या गुरुवारी तीळ चघळत त्यानं तीन पोरांच्या देखत अख्खी बिल्डिंग उचलून डावीकडं ठेवली होती.

त्यानं पुढं पाहिलं. तिसऱ्या रांगेत दान्बीचा कोपर हळूच डावीकडं गेला. लांबून, खांबाआडून, तो कोपर त्याला पुस्तकासारखा वाचता आला. ग्योंगमोनं मान वाकडी करून तेच केलं. उन्सोलनं बहुधा सगळ्यांच्या आधी केलं असेल. त्याला वाटलं, आपणही सरकवावी. चौघं सारखे चुकलो तर चौघांत वर-खाली कुणी होणार नाही, गुरुवार शाबूत राहील. मग ऑफिसातल्या बाईंची हाताची घडी दिसली, तळाचे दहा दिसले, दाराला लागणारे पाय दिसले. एका पोकळीतून निघून तो इथवर आला होता, आणि परत जायचं तर वाट एकच होती. पेन कागदावर टेकलेलं तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला. त्या ठिपक्यापासून त्यानं रेघेवरच वर बाण काढला आणि खाली लिहिलं, मागणीची रेघ हलत नाही. लिहिताना त्याचं अक्षर दहा वर्षांत पहिल्यांदा सुरेख आलं.

बाहेर पायऱ्यांवर तो त्यांची वाट बघत उभा राहिला. न थांबता जाता आलं असतं. तिघं आले ते फुललेले.

‘‘सर, चौथा प्रश्न,’’ ग्योंगमो म्हणाला, ‘‘तो तुम्हीच काढलात ना? खरं सांगा. आम्ही कुणाला सांगत नाही.’’

‘‘दोन्ही रेघा सरकवल्या,’’ दान्बी म्हणाली. ‘‘माझ्या पुढच्यानं एकच सरकवली होती. मला दयाच आली त्याची.’’

‘‘एकच सरकवायची होती,’’ इंजे म्हणाला.

पाकळ्या पडत होत्या. ग्योंगमो अजून हसत होता, त्याच्या चेहऱ्याला निरोप पोचला नव्हता.

‘‘मी चुकीचं शिकवलं. आत पेपर वाचताना लक्षात आलं. आणि मी सहायक नाही. या वर्गातलाच आहे. दहा वर्षांपूर्वी नापास झालो होतो, परत बसलोय.’’

‘‘आत पेपर वाचताना,’’ दान्बी सावकाश म्हणाली. ‘‘म्हणजे तुम्ही पेपर देत होतात.’’

‘‘हो.’’

‘‘मग चौथ्याला तुम्ही काय लिहिलंत?’’

‘‘बरोबर ते.’’

मग ग्योंगमो, कुणाशीच न बोलल्यासारखा, म्हणाला, ‘‘म्हणजे तिसातली एक जागा आपणच त्यांना कॉफी पाजून पाजून दिली.’’ ‘‘गप रे,’’ दान्बी म्हणाली. तिनं वही काढली, पायरीवर बसली आणि पेन त्याच्यापुढं केलं. ‘‘दाखवा,’’ ती म्हणाली. सर म्हणाली नाही. इंजेनं वाकून आकृती काढली, बिंदू, बाण, आणि भीत भीत लिफ्टचं सांगितलं. हे त्यानं त्यांना सांगितलेलं सगळ्यात चांगलं होतं; तिघांना एका दमात समजलं. उन्सोलनं मान हलवली. मग दान्बी उठली, स्कर्टवरच्या पाकळ्या झटकल्या आणि वाकली, दोघांनीही तिच्याबरोबर वाकून घेतलं, खूप खाली, हात मांडीला लावून. ‘‘इतके दिवस आम्हाला वेळ दिलात, आभारी आहोत,’’ ती म्हणाली. निवृत्त होणाऱ्या माणसाला असं म्हणतात. रागाचा लवलेश त्यात नव्हता. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

निकाल दारावर लावला, नावं नाहीत, नुसते क्रमांक. क्रमांकाच्या सुरुवातीला भरतीचं साल असतं, त्यामुळं यंदाच्या एकशेएकोणीस पोरांमध्ये दहा वर्षांपूर्वीचा एकच आकडा म्हाताऱ्यासारखा उभा होता. तो सातवा होता. ‘‘हा कोण रे आजोबा?’’ मागं कुणी तरी म्हणालं. इंजे गर्दीतून बाहेर आला. पुढची परीक्षा बेशुद्ध न पडता दिली तरी विषय सुटणार होता, नाव राहणार होतं. आईला फोन केला. ‘‘कितवा?’’ सातवा. ‘‘सातातला सातवा का?’’ नाही, एकशेवीसातला. पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज आला, मग तिनं विचारलं, ‘‘जेवलास का?’’

गुरुवारी चार वाजता तो ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर गेला. नवं प्रकरण होतं, मक्तेदारी. वर्गात दान्बी आता पुढच्या रांगेत बसे, दिसली की नमस्कार करी, नीट, बेताचा, अनोळखी ज्येष्ठाला करतात तसा. टेबलाशी बसून त्यानं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. पण मुकाट्यानं वाचलेलं त्याला समजत नसे, एवढं या सत्रात स्वतःबद्दल कळलं होतं. मग समोरच्या तीन खुर्च्यांना तो हलक्या आवाजात सांगू लागला. एकटाच विकणारा असला की भाव तोच ठरवतो, हे खरं. पण त्याच्याकडून कोण घेणार, ते त्याला ठरवता येत नाही. इथं ग्योंगमोनं काही तरी म्हटलं असतं. त्यानं तेवढी जागा सोडली आणि पुढं गेला. पलीकडच्या टेबलावर सात-आठ जणांचा घोळका जमत होता. त्यातला एक येऊन म्हणाला, ‘‘खुर्ची घेऊ?’’ घे, इंजे म्हणाला. दुसरी त्यानं न विचारताच नेली. थोड्या वेळानं जाड चष्म्याची एक मुलगी आली आणि तिसरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘‘इथं कुणी येणार आहे का?’’

‘‘जरा थांबतेस? एवढा मुद्दा होऊ दे.’’

मुलीनं आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. पण तो वयानं मोठा दिसत होता, म्हणून ती थांबली. इंजेनं खुर्चीकडं बघत मुद्दा सांगितला, शेवटपर्यंत, उदाहरणासकट, घाई न करता. मुलगी हात न काढता उभी होती.

‘‘झालं?’’ तिनं विचारलं.

‘‘झालं.’’

फरशीवर आवाज होऊ नये म्हणून तिनं खुर्ची अलगद उचलली आणि घेऊन गेली.